परदेशी वाण आणि देशी संस्था : बाजरीच्या उत्पादकतेचा धडा



मृगाच्या आसपास आपण बाजरीचे बियाणे घेण्यासाठी कृषि सेवा केंद्रात जातो. दुकानदार आठ-दहा संकरित वाणांच्या पिशव्या पुढे टाकतो. दीड-दीड किलोची पिशवी, वर भरदार कणसाचे रंगीत चित्र. आपण भाव विचारतो, मागच्या साली शेजाऱ्याच्या रानात कोणता वाण कसा उतरला ते आठवतो आणि पिशवी उचलतो. बैल घेताना आपण त्याची जात, दात, वळण सारे पाहतो. पण या दाण्याची आई कोण, बाप कोण, आणि ती आई मुळात कोणत्या देशातून आली, असे सहसा कोणी विचारीत नाही. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाचा मागोवा घ्यावयाचा आहे, कारण देशाची उत्पादकता कशाने वाढते आणि कशाने कोसळते, हे बाजरीच्या या वंशावळीत फार स्पष्टपणे पाहावयास मिळते.

देशाची उत्पादकता हा शब्द मोठा वाटतो, हिशेब मात्र साधा आहे. एकूण उत्पादनाला एकूण क्षेत्राने भागावयाचे. १९५०-५१ मध्ये भारतात बाजरीची सरासरी हेक्टरी २८८ किलो, म्हणजे तीन क्विंटलही नव्हती. १९७०-७१ मध्ये ती ६२२ किलोवर गेली. त्या वर्षी १२९ लाख हेक्टरवर ८० लाख टन बाजरी पिकली. पुढे २०२०-२१ मध्ये क्षेत्र घटून सुमारे ७६ लाख हेक्टर राहिले, पण उत्पादन सुमारे १०८ लाख टन झाले. हेक्टरी सरासरी १४ क्विंटलच्या घरात पोहोचली. जमीन जवळजवळ ४० टक्के कमी झाली आणि धान्य वाढले. या वाढीत उन्हाळी बागायती बाजरीचाही वाटा आहे, हे ध्यानात ठेवावे.

या दोन टोकांच्या मध्ये एक मोठा खड्डा आहे. १९७४-७५ मध्ये देशाचे बाजरीचे उत्पादन ३३ लाख टनांच्या आसपास आले. चार वर्षांपूर्वीच्या निम्म्याहूनही कमी! त्या वर्षी पावसानेही दगा दिला होता, पण सारा दोष पावसावर टाकता येत नाही. चढ आणि उतार, दोन्हींच्या मुळाशी एकच परदेशी वाण होता.

हरळीवाल्या शास्त्रज्ञाची बाजरी

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात टिफ्टन नावाचे गाव आहे. तेथील सरकारी संशोधन केंद्रात डॉ. ग्लेन बर्टन हे शास्त्रज्ञ चारापिकांवर काम करीत असत. त्यांचे मोठे नाव झाले ते गवतातील संशोधनामुळे, आणि ते गवत म्हणजे आपली हरळी! जी हरळी काढता काढता आपल्या पिढ्यांची कंबर मोडली, तिचेच सुधारित वाण करून त्यांनी तेथील गुरांची कुरणे भरली. बाजरीही त्यांच्याकडे होती ती चाऱ्यासाठी. तेथे कोणी बाजरीची भाकरी खात नाही.

या कामात त्यांना नरवंध्य बाजरी मिळाली. तिच्यापासून तयार झालेल्या वाणाचे नाव 'टिफ्ट २३ ए'.

नरवंध्य म्हणजे काय, हे थोडे समजून घेतले पाहिजे. बाजरीच्या कणसावर आधी स्त्रीकेसर बाहेर येतात आणि दोन-तीन दिवसांनी पुंकेसर. त्यामुळे मधल्या काळात दुसऱ्या ताटाचा पराग येऊन संकर होऊ शकतो. पण संकरित बियाणे खात्रीने करावयाचे तर आईच्या कणसातील पुंकेसर काढून टाकले पाहिजेत. एका कणसात हजारो बारीक फुले. हाताने हे काम शेतावर होणे अशक्य. नरवंध्य वाणात ही अडचण निसर्गानेच दूर केलेली असते. त्याचे स्त्रीकेसर सशक्त असतात, परागकोश मात्र वांझ. अशा आईच्या ओळी आणि शेजारी बाप वाणाच्या ओळी पेरल्या की आईच्या कणसात जो दाणा भरतो तो सगळा संकरित. हा वांझपणा आईच्या पेशीद्रव्यातून पुढच्या पिढीत उतरतो, तर बाप वाणात प्रजननक्षमता परत आणण्याचा गुण असतो. म्हणून आपल्या शेतातील संकरित कणीस दाण्याने भरते.

'टिफ्ट २३ ए' भारतात आले आणि लुधियाना येथील पंजाब कृषि विद्यापीठात डॉ. दिलबागसिंग अठवाल यांनी त्याचा आपल्याकडील बाप वाणाशी संकर केला. गव्हाच्या 'कल्याण सोना' या वाणामागेही हेच शास्त्रज्ञ होते. या संकरातून 'एच.बी.-१' हा देशातील पहिला संकरित बाजरी वाण १९६५ मध्ये प्रसारित झाला. चाचण्यांत तो स्थानिक बाजरीपेक्षा कितीतरी सरस ठरला. त्यापाठोपाठ १९६८ मध्ये 'एच.बी.-३' आला. हा लवकर येणारा असल्याने कमी पावसाच्या भागात फार पसरला.

येथे एक गोष्ट नीट पाहावी. वाण अमेरिकेत होताच, पण तो नुसता असण्याने आपल्या शेतात धान्य वाढले नसते. त्याच सुमारास आपल्याकडे काही संस्था उभ्या राहिल्या होत्या. राष्ट्रीय बियाणे महामंडळ १९६३ मध्ये स्थापन झाले. १९६५ मध्ये अखिल भारतीय समन्वित प्रकल्पाखाली निरनिराळ्या राज्यांत एकाच पद्धतीने बाजरीच्या चाचण्या होऊ लागल्या. १९६६ मध्ये बियाणे कायदा झाला. शास्त्रज्ञाने मूठभर दाणे तयार करावयाचे, त्याचे पायाभूत बियाणे करावयाचे, त्यापासून प्रमाणित बियाणे वाढवावयाचे, तपासणी करून पिशवीला टॅग लावावयाचा आणि पेरणीपूर्वी ती पिशवी तालुक्याला पोहोचवावयाची, ही साखळी जुळली म्हणून परदेशी वाणाचे रूपांतर लाखो टन धान्यात झाले. यातील एक कडी जरी तुटली असती तरी 'टिफ्ट २३ ए' हे प्रयोगशाळेच्या कपाटातील एक पाकीट राहिले असते.

आई एकच

मात्र या साखळीत एक उणीव होती. 'एच.बी.-१' पासून 'एच.बी.-५' पर्यंत पाच संकरित वाण प्रसारित झाले. बाप निरनिराळे, आई मात्र सर्वांची 'टिफ्ट २३ ए' हीच. नावे पाच, पण अर्धे रक्त एकच.

बाजरीवर केवडा रोग पडतो, तो आपल्या ओळखीचा आहे. पाने बुडापासून पिवळी-पांढरी पडतात, सकाळी पानाच्या खालच्या बाजूस पांढरी भुकटी दिसते आणि कणसात दाण्याऐवजी हिरव्या पानांचे झुबके येतात. ते गोसाव्याच्या जटेसारखे दिसते म्हणून काही भागात या रोगाला गोसावी म्हणतात. हा रोग आपल्याकडे पूर्वापार आहे. पण जुन्या गावठी बाजरीत प्रत्येक ताट थोडे निराळे असे. दहा ताटांना रोग लागला तर नव्वद उभी राहत. कोणी त्याकडे फारसे लक्ष देत नसे.

अमेरिकेत बाजरीवर हा रोग नाही. म्हणजे टिफ्टनच्या शेतात जी बाजरी निवडली गेली, तिला केवड्याची परीक्षा कधी द्यावीच लागली नव्हती. ती तेथे निरोगी दिसली यात नवल नाही. जे रोपटे कधी वादळात उभे राहिले नाही, त्याच्या मुळांची ताकद कशी कळणार?

अशा आईची लेकरे लाखो हेक्टरवर उभी राहिली, सगळी एकसारखी. बुरशीला एका ताटात शिरण्याची किल्ली सापडली म्हणजे सर्व शिवाराचे कुलूप उघडले. १९७१ मध्ये केवड्याची मोठी साथ आली, १९७४ मध्ये पुन्हा आली. रोगट पानांतून या बुरशीचे बीजाणू जमिनीत पडतात आणि वर्षानुवर्षे जिवंत राहतात; त्यामुळे त्याच रानात तोच वाण पुन्हा पेरणे म्हणजे रोगाला आमंत्रण देणे होते. महाराष्ट्रात त्याच काळात १९७२ चा दुष्काळही येऊन गेला. बाजरीवर पोट असणाऱ्या घरांनी ती वर्षे कशी काढली असतील, हे जुन्या माणसांना विचारावे.

दोष कोणाचा? त्या वेळच्या शास्त्रज्ञांना नावे ठेवणे आज सोपे आहे. परंतु १९६६ मध्ये देशाला सुमारे एक कोटी टन धान्य आयात करावे लागले होते, बराचसा गहू अमेरिकेतून बोटीने येत होता. अशा वेळी दुप्पट पिकणारा वाण हाती असताना तो आणखी पाच वर्षे चाचणीत ठेवा, असे म्हणण्याचे धाडस कोणी केले असते? तरीही एक गोष्ट खरी की त्या वेळच्या चाचणी पद्धतीत उत्पादनाला पहिला मान होता आणि रोगप्रतिकारकतेची सक्तीची परीक्षा नव्हती. वाण परदेशी होता हे संकटाचे खरे कारण नव्हे. परदेशी वाण तपासून घेणारी आपली चाळण विरळ होती, हे खरे कारण.

अमेरिकेलाही तोच फटका

याच सुमारास, १९७० मध्ये, खुद्द अमेरिकेत मक्यावर पानावरील करप्याची साथ आली. तेथील संकरित मक्यापैकी फार मोठा भाग, सुमारे ८५ टक्के, एकाच प्रकारच्या नरवंध्य पेशीद्रव्यावर आधारलेला होता. रोगाच्या नव्या जातीला नेमके ते पेशीद्रव्य मानवले आणि देशाचे सुमारे १५ टक्के पीक बुडाले. जगातील सर्वांत संपन्न संशोधन व्यवस्थेलाही एकाच वाणावर विसंबणे महाग पडले. फरक पुढच्या वर्षांत दिसला. तेथील बियाणे उत्पादकांनी ते पेशीद्रव्य सोडून हाताने व यंत्राने तुरे काढण्याची जुनी पद्धत पुन्हा सुरू केली आणि एक-दोन हंगामांत पीक सावरले. आपल्याला बाजरीत असे करता येण्यासारखे नव्हते. बाजरीचे तुरे मक्यासारखे वेगळे काढता येत नाहीत. म्हणून आपल्याला लांबचा रस्ता धरावा लागला.

आपल्याकडील केवड्याबाबत पुढे संशोधनाने असे दिसून आले की रोगाला बळी पडण्याचा गुण पेशीद्रव्यात नव्हता, तर त्या वाणाच्या इतर जनुकांत होता. ही बाब महत्त्वाची आहे. याचा अर्थ संकरित बाजरीची पद्धतच सोडून देण्याचे कारण नव्हते. आई बदलली म्हणजे काम होणार होते.

चाळण बारीक झाली

आई बदलण्याचे काम दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेत सुरू झाले. 'टिफ्ट २३' च्या बियाण्यावर किरणांचा मारा करून त्यातून रोगाला तोंड देणारी झाडे निवडण्यात आली. '५१४१ ए' या नव्या नरवंध्य वाणावर आधारलेला 'बी.जे. १०४' १९७७ मध्ये प्रसारित झाला आणि देशभर पसरला. आणि काय झाले? पुन्हा एकाच वाणाने शिवारे भरली व ऐंशीच्या दशकाच्या मध्यास केवड्याने त्यालाही गाठले. एकच ठेच दोनदा लागली म्हणावयाची.

दरम्यान १९७२ मध्ये हैदराबादजवळ पटांचेरू येथे 'इक्रिसॅट' ही आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. कोरडवाहू पिकांसाठी तिचे काम आहे आणि बाजरी हे तिच्या प्रमुख पिकांपैकी एक. तेथे केवड्याची परीक्षा घेण्याची एक पद्धत बसविण्यात आली. रोगाला चटकन बळी पडणाऱ्या बाजरीच्या ओळी आधी पेरावयाच्या, त्यांना रोग लागू द्यावयाचा आणि मग त्यांच्या मधल्या जागेत तपासावयाचे वाण पेरावयाचे. अशा शेजारात जो वाण टिकेल तोच पुढे. समन्वित प्रकल्पाच्या केंद्रांवरही अशा रोगग्रस्त वाफ्यांतून वाण पार करणे आवश्यक झाले. ही पद्धत वरकरणी किरकोळ वाटते. पण माझ्या मते साठ वर्षांतील बाजरीच्या उत्पादकतेला कोणत्याही एका वाणापेक्षा या परीक्षेने अधिक आधार दिला आहे.

या काळात आणखी एक परदेशी माल आला तो आफ्रिकेतून. बाजरी मुळात आफ्रिकेतीलच. हजारो वर्षांपूर्वी ती आपल्याकडे आली आणि आपलीच झाली. जगाच्या निरनिराळ्या भागांतील बाजरीच्या मिश्रणातून निवडलेला 'डब्ल्यू.सी.-सी ७५' हा सुधारित वाण १९८२ मध्ये प्रसारित झाला. आफ्रिकेच्या टोगो देशातील स्थानिक बाजरीतून निवडलेला 'आय.सी.टी.पी. ८२०३' हा वाण १९८८ मध्ये महाराष्ट्र व आंध्र प्रदेशासाठी देण्यात आला. टपोरा दाणा आणि लवकर येणारे पीक, यामुळे आपल्या अवर्षणप्रवण भागात तो रुळला. हे दोन्ही वाण संकरित नव्हेत, सुधारित आहेत. त्यांत गावठी बाजरीप्रमाणे ताटा-ताटात थोडा फरक असतो, म्हणून रोग सगळ्यांना एकदम पाडू शकत नाही. शिवाय चांगली कणसे निवडून घरचे बियाणे काही वर्षे वापरता येते. संकरित बाजरीचे बियाणे असे ठेवता येत नाही. पुढच्या पिढीत ताटे लहान-मोठी होतात आणि उत्पादन घटते.

याच टोगोच्या बाजरीतून पुढे निवड करून दाण्यात लोहाचे प्रमाण वाढविलेला 'धनशक्ती' हा वाण महाराष्ट्रात २०१२ मध्ये आला. त्यात महात्मा फुले कृषि विद्यापीठाचा सहभाग होता. राहुरीच्याच 'श्रद्धा' आणि 'सबुरी' या संकरित वाणांची नावे आपल्या परिचयाची आहेत. मराठवाड्यातील कृषि विद्यापीठानेही अधिक लोहाचे संकरित वाण दिले आहेत. २०१८ पासून बाजरीचा नवा वाण प्रसारित करताना दाण्यात लोह व जस्ताचे किमान प्रमाण असावे अशी अट घालण्यात आली. म्हणजे चाळणीला आणखी एक जाळी बसली.

परदेशी तंत्रज्ञान घेण्याची रीत किती बदलली याचे उत्तम उदाहरण हरियाणाचे आहे. हिसारच्या कृषि विद्यापीठाने १९९० मध्ये 'एच.एच.बी. ६७' हा अवघ्या ६५ दिवसांच्या आत येणारा संकरित वाण दिला. कमी पावसात तो फार उपयोगी पडला. कालांतराने केवडा त्यावरही दिसू लागला. पण या वेळी वाण पडण्याची वाट पाहण्यात आली नाही. ब्रिटनमधील संशोधन संस्थांनी बाजरीचा जनुकीय नकाशा तयार केला होता. त्याच्या आधारे, मॉलिक्युलर मार्करची खूण वापरून, रोगप्रतिकारक जनुके या वाणाच्या पालकांत आणण्यात आली आणि २००५ मध्ये 'सुधारित एच.एच.बी. ६७' शेतकऱ्यांना मिळाला. १९६५ मध्ये बाहेरून आयती आई आली होती. २००५ मध्ये बाहेरून आले ते एक अवजार. काय घडवावयाचे ते येथे ठरले.

बाजरीच्या माहेरी काय झाले

काही जण म्हणतील, संशोधन झाले की उत्पादन वाढणारच, त्यात संस्थांचे काय एवढे? त्यांनी आफ्रिकेकडे पाहावे. नायजर, माली हे देश बाजरीचे माहेर. 'इक्रिसॅट'चे एक केंद्र नायजरमध्येही आहे. तेच शास्त्र, तेच वाणसंग्रह त्यांनाही उपलब्ध. तरीही नायजरची बाजरीची सरासरी आजही हेक्टरी पाच क्विंटलच्या आसपास आहे. तेथील जमीन वाळूची, पाऊस लहरी, हे मान्य. आपल्याकडील संकरित वाण नेऊन पाहिले तर तेथील केवड्याच्या जातीपुढे ते टिकले नाहीत, हेही खरे. पण तसे तर 'टिफ्ट २३ ए' सुद्धा आपल्याकडे टिकले नव्हते. आपल्याकडे ते पडल्यावर दुसरे उभे करणारे दिल्ली, लुधियाना, हिसार, राहुरी, धुळे असे ठिकठिकाणी लोक होते. बियाणे वाढविणारी महामंडळे होती. आपले महाबीज १९७६ मध्ये अकोल्यास सुरू झाले. जालन्यासारख्या गावी खासगी बियाणे उद्योग वाढला, निजामाबादकडे बीजोत्पादन करणारी गावेच्या गावे तयार झाली. पश्चिम आफ्रिकेत शेतकऱ्याच्या दारापर्यंत बियाणे नेणारी अशी साखळी फारच तोकडी राहिली.

गव्हाला मिळाले ते बाजरीला नाही

संस्था म्हणजे केवळ संशोधन केंद्रे नव्हेत. १९६६ मध्ये मेक्सिकोहून १८ हजार टन बुटक्या गव्हाचे बियाणे आले. त्या गव्हाचा बुटकेपणा मूळ जपानी वाणाचा. तो गहू लाल दाण्याचा म्हणून आपल्याकडे नापसंत झाला, तेव्हा शास्त्रज्ञांनी त्यातून पिवळसर दाण्याचे 'कल्याण सोना' व 'सोनालिका' निवडले. पण गव्हाची खरी ताकद आणखी एका गोष्टीत होती. १९६५ मध्येच भारतीय अन्न महामंडळ आणि कृषि मूल्य आयोग स्थापन झाले. पीक वाढले तर सरकार ठरलेल्या भावाने घेईल, ही खात्री पंजाबच्या शेतकऱ्याला होती. म्हणून त्याने विंधन विहिरीवर आणि खतावर पैसा टाकला.

बाजरीला हमीभाव जाहीर होतो, पण गव्हासारखी मोठी खरेदी तिच्या वाट्याला आली नाही. उलट रेशनवर स्वस्त गहू-तांदूळ मिळू लागल्याने बाजरीची भाकरी ताटातून मागे सरली. ज्याच्या विहिरीला पाणी आले तो कांदा, मका, सोयाबीन, कपाशीकडे वळला. हेक्टरी उत्पादन वाढूनही क्षेत्र घटत गेले ते यामुळे. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले, शहरात बाजरीची बिस्किटे दिसू लागली. त्याने थोडा उठाव मिळाला. पण बाजार समितीत आडत्यासमोर पोते उभे असताना वर्षाच्या नावाने भाव मिळत नाही.

आपल्या शिवाराचा विचार

आता पुन्हा त्या दुकानातील पिशव्यांकडे येऊ. १९८८ च्या बियाणे धोरणानंतर खासगी कंपन्यांचे वाण मोठ्या संख्येने बाजारात आले. यातील अनेकांचे पालक सार्वजनिक संशोधनातून मिळालेल्या वाणांवर बेतलेले आहेत. एकाच आईवर देश अवलंबून राहिला नाही, हा मोठा फायदा. तथापि पिशवीवरील नाव निराळे म्हणून आतला वाण नात्याने लांबचा असेलच असे नाही. वंशावळ पिशवीवर छापलेली नसते. आणि आजही देशातील बहुतेक संकरित बाजरीचे पेशीद्रव्य टिफ्टनहून आलेलेच आहे. अमेरिकेच्या मक्याची हकीकत आठवली म्हणजे या गोष्टीकडे दुर्लक्ष करता येत नाही. अलीकडच्या काळात बाजरीवर करपा वाढत चालला आहे, तेव्हा शास्त्रज्ञही निराळ्या पेशीद्रव्यांवर काम करीत आहेत.

अनुभव असा आहे की एखादा संकरित वाण एकाच भागात सलग तीन-चार वर्षे मोठ्या प्रमाणावर पेरला की केवडा त्याला ओळखू लागतो. म्हणून सारे गाव एकाच वाणाने भरू नये. चार एकर बाजरी असेल तर दोन वाण घ्यावेत, त्यातील एक शक्य तर सुधारित. दर दोन-तीन वर्षांनी वाण बदलावा आणि पिकाची फेरपालट तूर, मूग, मटकी यांच्याशी करावी. घरचे सुधारित बियाणे पेरणार असाल तर १० लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळवून त्यात बियाणे ओतावे. वर तरंगणारे हलके दाणे व अरगट रोगाच्या गाठी काढून टाकाव्यात, तळाचे बियाणे दोन वेळा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे आणि मग मेटॅलॅक्झिल ३५ टक्के, किलोला ६ ग्रॅम याप्रमाणे चोळावे. पिशवीतील बियाणे आधीच प्रक्रिया केलेले असेल तर ते मिठाच्या पाण्यात घालू नये. लावलेले औषध धुऊन जाईल.

पेरणीनंतर तीन आठवड्यांनी एकदा पीक फिरून पाहावे. पाच ठिकाणी प्रत्येकी शंभर ताटे मोजावीत, त्यांत केवड्याची किती ते वहीत लिहावे. रोगट ताटे मुळासकट उपटून शेताबाहेर जाळावीत. प्रमाण जास्त दिसल्यास वाणाचे नाव, पिशवीवरील लॉट नंबर, पेरणीची तारीख आणि मोजलेला आकडा जवळच्या कृषि विज्ञान केंद्रास किंवा कृषि विद्यापीठाच्या बाजरी संशोधन केंद्रास कळवावा, जमल्यास रोगट पानांचा नमुना कागदी पिशवीत घालून द्यावा. कोणता वाण कोठे पडू लागला हे शास्त्रज्ञांना प्रथम शेतावरूनच कळते; त्यावरून पुढच्या हंगामाच्या रोगग्रस्त वाफ्यात कोणती बुरशी घ्यावयाची ते ठरते. बियाण्याबाबतच तक्रार असल्यास तालुका कृषि अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्यावा. त्यासाठी खरेदीची पावती, रिकामी पिशवी, तिचा टॅग आणि मूठभर शिल्लक बियाणे पीक घरात येईपर्यंत जपून ठेवावे.